वकीलसाहेबांच्या खोऱ्यात

लग्नाआधी मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करत होते. सीनियरच्या मागे फायली घेऊन धावायचं, तारखा घ्यायच्या, बार रूममधल्या कुलरसमोरची खुर्ची रिकामी झाली की पटकन बसायचं, असे ते दिवस होते. नुकती कुठे स्वतःची पाच-दहा वकीलपत्रं मिळायला लागली होती, तेवढ्यात लग्न ठरलं आणि मी अमेरिकेत, रेडमंडला आले.

नवरा तिथल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनियर. मी त्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. त्यावर देशात राहता येतं, गाडी चालवता येते, कॉलेजात शिकता येतं. पगाराचं काम मात्र करता येत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि नोव्हेंबरातल्या मंगळवारी सकाळी नवरा बसने ऑफिसला गेल्यावर खिडकीत उभं राहणं वेगळं. बाहेर तो तिथला बारीक पाऊस, ज्यात कोणी छत्रीसुद्धा उघडत नाही. आत मी आणि डिशवॉशर.

पहिली दोन वर्षं मी स्वयंपाक शिकले, गाडी शिकले, शेजारच्या मराठी काकूंकडून शिवणकाम शिकले. कोणी विचारलं, "तू काय करतेस?" की मी म्हणायची, "सध्या ब्रेकवर आहे." हे उत्तर देऊन घरी आले की मला उगाच भूक लागायची.

एका शनिवारी आम्ही धबधबा बघायला निघालो. रेडमंडच्या पूर्वेला टेकड्या ओलांडल्या की नदीचं खोरं लागतं. काळी जमीन, गाई, मक्याची शेतं, मध्येच एक छोटं गाव. गावात शिरलो आणि पाऊस एवढा वाढला की वायपरने काम करायचं सोडून दिलं. रस्त्याच्या कडेला फिकट पिवळ्या रंगाचं लाकडी दुमजली घर होतं आणि दारावर 'आज उघडं आहे' अशी पाटी. आम्ही धावत आत गेलो. उद्देश एवढाच की कोरड्या जागी उभं राहावं.

ते घर म्हणजे गावाचं छोटंसं म्युझियम होतं. दीडशे वर्षांपूर्वी तिथे एक वकील राहायचे. हा प्रदेश अजून राज्यसुद्धा झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. पुढे ते इथल्या विधानसभेत निवडून गेले. सत्तरीच्या एक बाई, पांढरे आखूड केस, पायात गमबूट, दोन पाहुण्यांना त्या वकिलांच्या एका खटल्याची गोष्ट सांगत होत्या. दोन शेतकरी, मध्ये नदी. नदीने पात्र बदललं, एकाची जमीन खाल्ली आणि दुसऱ्याच्या बाजूला नवी जमीन टाकली. मग ती नवी जमीन कोणाची?

माझ्या तोंडून निघून गेलं, "नदी हळूहळू सरकली होती, की एका पुरात?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कायद्यात यावरच सगळं अवलंबून असतं. हळूहळू सरकली तर हद्द नदीबरोबर सरकते, एकदम उडी मारली तर जुनी हद्द राहते. नागपुरात आम्ही हेच शिकलो होतो.

"तुम्ही वकील आहात?" त्यांनी विचारलं.

"होते. इंडियात."

"मी या गावात चाळीसएक वर्षं वकिली करतेय आणि दर शनिवारी हे घर दाखवते. हा प्रश्न मला इथे कोणीच विचारला नव्हता." मग पाहुण्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "एका पुरात. आणि आमचे वकील ती केस हरले."

धबधबा त्या दिवशी राहिलाच. पाऊस थांबेपर्यंत मी त्यांच्याशी बोलत बसले आणि नवरा वरच्या मजल्यावरच्या जुन्या शेगड्या दोनदा बघून आला. निघताना बाई म्हणाल्या, "शनिवारी येत जा ना. घर दाखवायला व्हॉलंटियर हवेत." बिनपगारी काम होतं, म्हणजे मला चालण्यासारखं होतं. गाडीत नवरा म्हणाला, "यार, पहिल्यांदाच तू इथे कोणाशी एवढी भांडलीस."

"भांडले नाही. चर्चा केली."

"तेच ते."

असे वकीलसाहेब माझ्या आयुष्यात आले. नागपूरच्या सवयीने मी त्यांना साहेबच म्हणायची आणि हळूहळू वकीलबाईही तसंच म्हणायला लागल्या. त्यांच्या तोंडी ते 'साहिब' व्हायचं.

साहेब ओहायोतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. शाळा जेमतेम. तरुणपणी बैलगाडीच्या तांड्याबरोबर पश्चिमेला आले आणि लाकडाच्या गिरणीत कामाला लागले. बंदराच्या गावात एक म्हातारा वकील होता, त्याच्याकडे ते संध्याकाळी जायला लागले. तेव्हा इथे लॉ कॉलेज कुठलं असायला! कुठल्यातरी वकिलाच्या ऑफिसात जायचं, त्याचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे, स्टोव्हमध्ये लाकडं सारायची आणि उरलेल्या वेळात त्याचीच पुस्तकं वाचायची. पुरेसं वाचलं असं वाटलं की न्यायाधीश परीक्षा घ्यायचे. साहेबांची परीक्षा एका खाणावळीत झाली. न्यायाधीश जेवता जेवता प्रश्न विचारत होते आणि साहेब उपाशीपोटी उत्तरं देत होते. शेवटचा घास संपला तेव्हा साहेब वकील झाले होते.

रस्ते नव्हते, म्हणून कोर्ट होडीतून फिरायचं. न्यायाधीश, वकील, कारकून, सगळे लांबट लाकडी होड्यांमधून खाडीतून गावोगाव जायचे आणि होड्या वल्हवायचे इथले मूळ रहिवासी, ज्यांची ही जमीन मुळात होती. एकदा साहेबांची होडी उलटली. माणसं वाचली, पुस्तकं भिजली. मुक्कामाच्या गावात साहेबांनी पुस्तकं स्टोव्हभोवती उघडी मांडून ठेवली आणि स्वतः ओल्या विजारीत उभं राहून युक्तिवाद केला. ती केस जिंकले. ही गोष्ट सांगताना लहान मुलं हमखास हसायची, म्हणून मी ती जरा लांबवायची.

पुढे खोऱ्यात येऊन त्यांनी हे घर बांधलं. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सची शेती केली, म्हणजे शेती बायकोने केली, साहेब कोर्टात असायचे. मग निवडून गेले. विधानसभेत त्यांनी खोऱ्यासाठी रस्ता मागितला, आणि बायकांना मताचा हक्क द्यायचा कायदा आला तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिले. कायदा झाला. या खोऱ्यातल्या बायकांनी मतं दिली, काही जणी ज्यूरीतही बसल्या, त्यात साहेबांची बायकोही होती. पण काही वर्षांतच वरच्या कोर्टाने तो कायदा रद्द केला. कारण काय, तर कायद्याच्या शीर्षकात आतला मजकूर नीट सांगितलेला नाही!

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दिवसभर धुमसत होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "शीर्षकावरून रे! शीर्षकावरून बायकांचं मत काढून घेतलं!"

तो म्हणाला, "तुमच्या धंद्यात हे नेहमीचंच आहे ना?"

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. साहेबांची बायकोही चिडली होती. गावात अजून सांगतात की त्या दिवशी जेवताना ती साहेबांना म्हणाली, "सभागृहभर वकील बसलेले, आणि एकालाही धड मथळा लिहिता आला नाही?" पुढची निवडणूक साहेब हरले. पुन्हा उभे राहिले नाहीत.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तू तिथं दुसऱ्यांच्या पणजोबांचं घर दाखवून राहिली?"

"हो."

"अन् पैसे?"

"पैसे नाहीत."

"मग जेवण तरी देतात का?"

वकीलबाई कधीकधी सँडविच आणायच्या. तेवढं सांगून मी आईचं समाधान केलं.

रेडमंडमधल्या मराठी मंडळींना घेऊन मी एकदा तिथे गेले होते. तीन गाड्या भरून माणसं, त्यात भारतातून मुलांकडे आलेले काका-काकूही. मी सगळं मराठीत सांगितलं. एक काका, नागपूरच्याच बाजूचे, नदीच्या खटल्याची गोष्ट ऐकून म्हणाले, "म्हणजे धुऱ्याचंच भांडण की!" आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. त्या दिवसापासून मी ती केस मनात धुऱ्याची केस म्हणूनच धरली.

सगळंच गोड नव्हतं. साहेबांच्या आयुष्यात एक दिवस असा होता, जो घर दाखवताना कोणी सांगत नसे. त्या काळी इथल्या बंदराच्या गावांमधून चिनी मजुरांना जमावाने हाकलून दिलं होतं. रेल्वे बांधणारी, हॉप्स तोडणारी माणसं, त्यांना घरांतून बाहेर काढून हाकलत नेलं. त्या दिवशी साहेब कोर्टाच्या कामासाठी त्याच गावात होते. हॉटेलच्या व्हरांड्यात उभे होते. जमावात सामील झाले नाहीत आणि आडवेही आले नाहीत. पुढे त्याबद्दल ते कधी बोलल्याचं कुठे सापडत नाही. कायदा जाणणारा, निवडून आलेला, लोक ज्याचं ऐकायचे असा माणूस.

मी वकीलबाईंना विचारलं, "हे सांगू का?"

त्या खिडकीची काच पुसत होत्या. "म्युझियमच्या कमिटीतल्या काहींना आवडणार नाही."

"तुम्हाला?"

"मलाही आवडत नाही. पण सांग. जसं झालं तसं सांग, वर काही चिकटवू नकोस."

पुढच्या शनिवारपासून मी सांगायला लागले. बैठकीच्या खोलीत, होडीच्या गोष्टीनंतर. एकदा एक म्हातारे चिनी-अमेरिकन गृहस्थ बायकोबरोबर आले होते. मी बोलले ते त्यांनी हाताची घडी घालून ऐकलं. जाताना म्हणाले, "मी शाळेच्या सहलीबरोबर इथे आलो होतो. तेव्हा फक्त होडी उलटलेली सांगितली होती." मग त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि गेले.

त्यानंतर साहेब माझ्या मनातून उतरले का? थोडे उतरले. पण घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचं सगळं कळल्यावर जसं होतं, तसं झालं. आदर जरा कमी झाला आणि ओळख वाढली.

मधल्या काळात मुलगी झाली. ती बालवाडीत जायला लागली त्या सुमारास नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची एक पायरी पुढे सरकली आणि मलाही काम करायची परवानगी मिळाली. मी शनिवारी ते वकीलबाईंना सांगितलं आणि म्हणाले, "आता कुठेतरी ऑफिसमध्ये कारकुनी बघते. वकिली करायची तर पुन्हा कॉलेजात जावं लागेल, ते आता कसं जमणार?"

"कॉलेजात कशाला?" त्या म्हणाल्या. "या राज्यात अजूनही वकिलाच्या ऑफिसात राहून कायदा वाचता येतो. फार थोडी राज्यं उरलीत, त्यातलं हे एक. ऑफिसात काम करायचं, माझ्याकडे शिकायचं, मी दर महिन्याला तुझी परीक्षा घ्यायची. शेवटी बारची परीक्षा, सगळे देतात तीच."

मला वाटलं चेष्टा करतायत. "म्हणजे साहेबांसारखं?"

"साहेबांसारखं. फक्त स्टोव्ह नाहीये, हीटर आहे."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ भाजी चिरत राहिला. "चार वर्षं लागतील म्हणतेस?"

"हो."

"आणि मध्येच आपल्या व्हिसाचं काही बिनसलं तर?"

"तर जेवढं वाचलं तेवढं माझं."

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग सकाळचा शाळेचा ड्रॉप मी करतो." एवढंच बोलणं झालं. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच भाजी चिरताना झाले आहेत.

वकीलबाईंचं ऑफिस गावात ट्रॅक्टरच्या दुकानाशेजारी होतं. पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि एक म्हातारा कुत्रा, तो दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात आडवा पडलेला असायचा. मी मृत्युपत्रांचे मसुदे करायची, जमिनीच्या नोंदी शोधायची, फोन घ्यायची. दुपारी दोन तास अभ्यास. बाई शिकवायला कडक होत्या. उत्तर बरोबर असलं तरी म्हणायच्या, "का? का ते सांग." मी नागपूरच्या सवयीने लांबलचक वाक्यं लिहायची. त्या अर्ध्यावर काट मारायच्या. "न्यायाधीशाला जेवायला जायचं असतं," हे त्यांचं ठरलेलं.

सुरुवातीला पक्षकार माझ्याकडे बघून आतल्या खोलीकडे नजर टाकायचे. एक डेअरीवाले आजोबा होते, त्यांना माझं बोलणं कळायचं नाही आणि मला त्यांचं. ते ओठ न हलवता बोलायचे. पण नदीकाठच्या त्यांच्या कुंपणाचा प्रश्न होता, आणि कुंपण म्हटलं की मला कागदावर रेघ मारून दाखवता यायची. तिसऱ्या भेटीत ते बाईंना ओलांडून थेट माझं टेबल शोधत आले. "ती कुठे आहे, नदीवाली?" असं विचारत.

मुलगी संध्याकाळी माझ्या पुस्तकांच्या शेजारी तिची रंगाची वही घेऊन बसायची. "आई, यू हॅव होमवर्क टू?"

"हो बाई."

"इज युअर टीचर मीन?"

"थोडीशी."

"माइन टू," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागायचो.

बारच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. निकाल बघितला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. नवऱ्याने यूट्यूबवर बघून तर्री पोहे केले. नागपूरचा कोणी ते तर्री पोहे आहेत असं शपथेवर म्हणाला नसता, पण मी दोन बश्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. बाईंनी माझ्या टेबलावर नवी फाइल ठेवली आणि म्हणाल्या, "विहिरीच्या पाण्याचा वाद आहे. वाच." पुढच्या खेपेला पास झाले.

शपथेच्या दिवशी कोर्टरूममध्ये नवरा, मुलगी, बाई आणि ते डेअरीवाले आजोबा होते. त्यांना कोणी बोलावलं होतं ते मला अजून माहीत नाही. आई-बाबा नागपूरहून व्हिडिओवर. मी उजवा हात वर केला आणि शपथ घेतली. नंतर आई म्हणाली, "काळा कोट नाही घालत का तिथं?"

"नाही गं. साधा चालतो."

"मग वकील आहे हे लोकांना कळते कसं?"

"बोलायला लागलं की कळतं."

"हे मात्र खरं," बाबा मागून म्हणाले.

माझी पहिली स्वतंत्र केस मोरीची होती. दोन शेजारी, दोघेही सत्तरीपुढचे, दोघांच्या शेतांमध्ये रस्त्याखालून जाणारा पाण्याचा पाइप. एकाने तो बदलून मोठा घातला, पावसाळ्यात दुसऱ्याच्या कोठारात पाणी शिरलं. माझा पक्षकार कोठारवाला. मी नकाशे, फोटो, जुने निवाडे, सगळं तयार केलं होतं. उभं राहून काय बोलायचं ते गाडीत मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. एकच भीती होती, तोंडून 'युअर ऑनर'ऐवजी 'माय लॉर्ड' निघेल.

पण न्यायाधीशबाई दुसऱ्या कामात अडकल्या होत्या आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं. नागपुरातही माझं शिक्षण खरं तर बाकावरच झालं होतं. मी समोरच्या वकिलाकडे गेले. तरुण मुलगा होता, टाय सारखा नीट करत होता. मी म्हणाले, "पाइप काढायचा नसेल तर राहू दे. पण वरच्या बाजूने एक चर खणला, तर पाणी कोठाराकडे न येता नदीत जाईल. चर दोघांनी मिळून खणायचा."

त्याने त्याच्या पक्षकाराला विचारलं. मी माझ्या. माझा म्हणाला, "त्याच्याकडे खणायचं मशीन आहे, पण त्याला ते चालवता येत नाही."

पलीकडून आवाज आला, "तुला येतं का?"

"तुझ्यापेक्षा बरं येतं."

पुढची दहा-पंधरा मिनिटं ते दोघं मशीनबद्दल बोलत होते आणि आम्ही दोघं वकील भराभर तडजोडीचा मसुदा लिहीत होतो. न्यायाधीशबाईंनी तो वाचला, दोघांना "मान्य आहे?" असं विचारलं, सही केली. मी एवढंच बोलले, "येस, युअर ऑनर." बरोबर बोलले.

बाहेर आल्यावर कळलं की माझ्या पक्षकाराचा ट्रक सुरू होत नाहीये. समोरच्या पक्षकाराने आपल्या पिकअपचं पलीकडचं दार उघडलं. दोघे एकाच गाडीतून खोऱ्याकडे गेले. जाताना काच खाली करून चराच्या खोलीवरून त्यांचं सुरूच होतं.

मी पार्किंगमध्ये उभी राहून नवऱ्याला फोन केला.

"जिंकलीस?" त्याने विचारलं.

"कोणीच जिंकलं नाही. मिटलं."

"मग हे चांगलं की वाईट?"

आकाश बऱ्याच दिवसांनी मोकळं झालं होतं आणि दूरचा बर्फाचा डोंगर स्पष्ट दिसत होता. मला कडकडून भूक लागली होती.

"फार चांगलं," मी म्हणाले. "भात लाव. येतेच."